प्लॅन ३०० चा, वेग ९४ चा : फ्लॅटमधलं वायरचं नेटवर्क तपासणं आणि सुधारणं

लॅपटॉपला वायर लावूनही स्पीड टेस्ट ९३ ते ९५ एमबीपीएसच्या पुढे हलत नसेल, तर केबलवाल्याला फोन लावायच्या आधी जरा थांबा. हा आकडा योगायोगाने येत नाही. १०० एमबीपीएसच्या लिंकमधून प्रत्येक पॅकेटवरची पत्त्याबित्त्याची भर वजा केली की हाती साधारण ९४ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी दोन उपकरणं १०० वरच जोडली गेली आहेत. कंपनीने ३०० पाठवले काय नि १००० पाठवले काय, त्या जागेतून ९४ च बाहेर पडणार. गिगाबिट लिंकवर हाच आकडा ९४० च्या आसपास दिसतो.

लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात : पिन १-२ आणि पिन ३-६. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे ४, ५, ७ किंवा ८ नंबरच्या पिनची एक तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, मॅच दिसते, कोणाला काही कळत नाही. प्लॅन १०० वरून ३०० चा केला की मग कळतं. काही उपकरणांना असं खाली उतरता येत नाही. तिथे लिंक लागते, तुटते, पुन्हा लागते. हेही त्याच दुखण्याचं लक्षण.

एक गल्लत आधीच दूर करू. डाउनलोड करताना सेकंदाला जे ‘एमबी’ दिसतात ते मेगाबाइट, आणि प्लॅनमधले मेगाबिट. आठने भागा. ३०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला ३५-३७ एमबीने उतरत असेल तर सगळं ठीक आहे, हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

तुकड्या-तुकड्याने मोजा

संपूर्ण वाट एकदम तपासू नका. फायबरचा डबा म्हणजे ओएनटी, तिथून राउटर, राउटरपासून भिंतीतली केबल, मधे स्विच (एका केबलच्या अनेक वाटा करणारा डबा) असेल तर तो, मग टेबलाजवळचा पॉइंट, पॅचकॉर्ड म्हणजे पॉइंटपासून यंत्रापर्यंतची छोटी तयार केबल, आणि शेवटी तुमचं यंत्र. यातला एक तुकडा खराब असतो आणि लोक बहुधा दुसराच बदलतात.

पहिलं काम : लिंक कितीची लागली आहे ते वाचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या वाटेने गेलात की ‘लिंक स्पीड’ अशी ओळ दिसते. तिथे १००/१०० आहे की १०००/१००० ते बघा. मॅकमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या ‘डिटेल्स’खाली ‘हार्डवेअर’ उघडा. राउटरच्या पोर्टवरच्या दिव्याच्या रंगावर फार विसंबू नका, नारिंगी आणि हिरव्याचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापला लावते.

दुसरं काम : लॅपटॉप उचलून राउटरपाशी न्या आणि हातभर लांबीच्या, चांगल्या असल्याची खात्री असलेल्या पॅचकॉर्डने थेट राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. भिंत, स्विच, बेडरूमचा पॉइंट हे सगळं वाटेतून गेलं. इथे पूर्ण वेग मिळाला तर दोष घरातल्या केबलमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. इथेही ९४ च आले तर भिंतीला हात लावायची गरज नाही.

स्पीड टेस्ट करताना सर्व्हर मुंबईचाच निवडा. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरची एवढी दाटी आहे की ठाण्या-नवी मुंबईतून फायबरवर पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद, एक आकडी यायला हवा. आणि चाचणी दोनदा घ्या, एकदा सकाळी सातच्या सुमारास आणि एकदा रात्री साडेनऊला. सकाळी २९० आणि रात्री १२० येत असतील तर घरातलं सगळं ठीक आहे, गर्दी बाहेर आहे.

तिसरं काम घरातल्या घरात मोजायचं, इंटरनेट बाजूला ठेवून. त्यासाठी आयपर्फ-३ हा मोफत प्रोग्राम दोन लॅपटॉपवर टाका. एकावर कमांडच्या खिडकीत प्रोग्रामच्या नावापुढे डॅश एस लिहून तो सर्व्हर म्हणून चालू ठेवा. दुसऱ्यावर डॅश सी आणि पहिल्याचा आयपी पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. एकदा झालं की शेवटी डॅश कॅपिटल आर जोडून उलट्या दिशेनेही मोजा. एका दिशेने ९४० आणि उलट २०० असं निघालं तर केबलमधली एखादी जोडी आजारी असण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा काहीच जोडलं गेलं नाही तर विंडोजच्या फायरवॉलने अडवलंय, परवानगी द्या.

डबाच १०० चा असतो तेव्हा

राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग हा वाय-फायचा असतो. ‘एन-३००’ लिहिलेल्या राउटरचे पोर्ट जवळजवळ नेहमी १०० चेच असतात. फसवणारा प्रकार त्यापुढचा आहे : ‘एसी-१२००’ लिहिलेल्या स्वस्त राउटरांतही अनेकांचे पोर्ट १०० चे असतात. बाराशे वाचून घेतलेला राउटर तारेवर ९४ देतो. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात पोर्टची ओळ असते. ‘१०/१००’ वर ती संपली तर ठेवून द्या, ‘१०/१००/१०००’ हवं. ओएनटीवरही चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे १०० चे असं दिसतं. गिगाबिटच्या पोर्टाजवळ ‘जीई’, दुसऱ्यांजवळ ‘एफई’ छापलेलं असतं. केबल चुकीच्या भोकात आहे एवढाच दोष कधीकधी निघतो.

जुन्या इमारतींत स्थानिक ऑपरेटर फायबर गच्चीपर्यंत किंवा जिन्याच्या डक्टपर्यंतच आणतात आणि तिथल्या स्विचमधून घरोघरी लॅनची केबल सोडतात. त्या डक्टमधला स्विच १०० चा असेल तर घरात सोन्याची तार टाकलीत तरी फरक पडणार नाही. ऑपरेटरकडून गिगाबिट पोर्ट किंवा थेट घरात फायबर मागा. आता बहुतेक ठिकाणी देतात.

शेवटचं यंत्रही बघा. बहुसंख्य स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चा असतो, महागड्यांचासुद्धा. फोर-के चित्राला साधारण २५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा टीव्हीसाठी जीव काढू नका. पातळ लॅपटॉपला लावलेला लॅनचा डोंगल यूएसबी २.० चा असेल तर लिंक १००० ची दिसूनही प्रत्यक्षात ३०० च्या आसपास अडकतो.

लिंक १००० ची, तरी वेग नाही

हे कमी वेळा होतं, पण शोधायला जास्त वेळ खातं. आधी ऑफिसचा व्हीपीएन आणि अँटिव्हायरसचं ‘वेब शील्ड’ बंद करून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग राउटरला सलग शंभर पिंग मारा. वायरवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि एकही पॅकेट हरवता कामा नये. शंभरात दोन जरी हरवले तरी मोठ्या डाउनलोडचा वेग कोसळतो, कारण हरवल्याचं कळताच पाठवणारा आपला वेग कमी करतो.

पॅकेट हरवत नसतील तर संशय राउटरच्या प्रोसेसरवर. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी करणारे, म्हणजे पीपीपीओई वापरणारे ऑपरेटर आपल्याकडे बरेच आहेत. लहान राउटरला त्या कामाचा भार पडतो आणि तो चार-पाचशेवर दमतो. त्यात पॅरेंटल कंट्रोल, क्यूओएस (कोणाला आधी वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असं काही चालू असेल तर आणखी. ते बंद करून मोजा. लॅन कार्डच्या सेटिंगमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ कोणी हाताने ‘१०० फुल’ करून ठेवलं असेल तर ते परत ‘ऑटो’वर आणा. एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्याला सक्तीचा आकडा असला की ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने वाहतूक, धरून बसतं आणि वेग दहा-वीसवर येतो.

कनेक्टर : दोष सापडतो तो इथे

दोन-तीनशे रुपयांचा लॅन टेस्टर घ्या. त्याचे दोन तुकडे केबलच्या दोन टोकांना लावा, आठ दिवे ओळीने लागले पाहिजेत. एखादा लागला नाही तर ती तार तुटलेली, उलटसुलट लागले तर रंगांचा क्रम चुकलेला. पण सगळे दिवे लागले म्हणजे केबल उत्तम असं हा टेस्टर सांगत नाही. तो फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते का एवढंच बघतो.

त्याला न दिसणारी चूक अशी. कारागीर दोन्ही टोकांना रंग ‘जोडीने’ लावतो : नारिंगीची जोडी, मग हिरवीची, मग निळ्याची, मग तपकिरीची. दोन्हीकडे सारखंच, म्हणून आठही दिवे लागतात. पण पिन ३ आणि ६ एका पिळातल्या असायला हव्यात. या क्रमात ३ ला हिरव्या जोडीतली तार येते आणि ६ ला निळ्या जोडीतली. पिळ नाहीसा झाला की जोड्या एकमेकींच्या सिग्नलमध्ये लुडबुड करतात. लहान केबलवर चालून जातं, पंधरा-वीस मीटरवर लिंक १०० ला पडते किंवा पॅकेट हरवायला लागतात. टेस्टरवर विसंबू नका, पारदर्शक कनेक्टरमधून रंग डोळ्यांनी वाचा.

कनेक्टरची क्लिप खाली, पितळी दात वर आणि केबल शिरायचं तोंड आपल्याकडे धरून, डावीकडून टी-५६८-बी या प्रमाण रंगक्रमाचा क्रम असा :

१ पांढरा-नारिंगी, २ नारिंगी, ३ पांढरा-हिरवा, ४ निळा, ५ पांढरा-निळा, ६ हिरवा, ७ पांढरा-तपकिरी, ८ तपकिरी.

बाहेरचं आवरण अडीच-तीन सेंटीमीटर सोला, पण ब्लेड आतल्या तारांना लागू देऊ नका. ओरखडा पडलेली तार सहा महिन्यांनी तुटते. कॅट-६ (लॅन केबलचा एक दर्जा) च्या मधला प्लास्टिकचा कणा मुळापासून कापा. तारा सरळ करून क्रम लावा, एका रेषेत कापा. उघड्या, पिळ सुटलेल्या तारांची लांबी १३ मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. आत सरकवताना आठही तारांची टोकं कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण मागच्या खाचेच्या आत जायला हवं. क्रिम्पिंग केल्यावर, म्हणजे कनेक्टर खास पकडीने दाबल्यावर, ती खाच आवरणाला पकडते, तारांना नव्हे. ओढून बघा. आवरण बाहेर राहिलं असेल तर कापून टाका आणि नवा कनेक्टर घ्या. पाच-दहा रुपयांच्या वस्तूत जीव अडकवू नये.

भिंतीतल्या केबलला खरं तर कनेक्टर लावूच नये. तिच्या तारा भरीव असतात, हलवत राहिलं की तुटतात. तिचं टोक आय-ओ बॉक्समधल्या, म्हणजे भिंतीवरच्या लॅन पॉइंटमधल्या, जॅकवर पंचिंग टूलने बसवा आणि तिथून यंत्रापर्यंत बारीक तारांची तयार पॅचकॉर्ड वापरा. जॅकवर ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन रंगपट्टे असतात. दोन्ही टोकांना ‘बी’च.

टेलिफोनच्या पाइपातून लॅन

घोडबंदर रोडच्या, खारघरच्या किंवा नेरुळच्या टॉवरमध्ये बिल्डरने हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये टेलिफोनचे पॉइंट दिलेले असतात. ते आता कोणी वापरत नाही. त्यातली वायर बहुधा दोन जोड्यांची, म्हणजे तिच्यावर फार तर १०० चा लिंक मिळेल. पण खरा खजिना तो पाइप आहे. भिंत न फोडता कॅट-६ टाकायची वाट आयती मिळते.

आधी पाइपाचा मार्ग ओळखा. प्रत्येक पॉइंटची फेसप्लेट उघडा. एका पॉइंटमध्ये दोन वायरी दिसल्या तर फोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असा माळेसारखा नेलेला आहे. लॅनची केबल अशी मधे जोडून पुढे नेता येत नाही. एक तर ती मधल्या बॉक्समधून अखंड पुढे ओढायची, नाहीतर तिथे लहान स्विच ठेवायचा.

२० मिलिमीटरच्या पाइपात कॅट-६ च्या दोन केबली सुखाने बसतात. जुनी वायर मोकळी आहे का ते दोन्ही टोकांना माणूस ठेवून हलवून बघा. इकडे ओढल्यावर तिकडे सरकली पाहिजे. सरकली तर तिच्या टोकाला नवी केबल आणि सोबत नायलॉनची दोरी बांधा, आणि गाठीवर इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळा. गाठ जाड झाली की कोपऱ्यात अडकते. केबलला टाल्कम पावडर लावा. तेल नको, साबणाचं पाणीही नको. एक जण ओढतो तेव्हा दुसऱ्याने केबल हाताने आत सोडत राहायचं, खेचाखेची नाही. लॅनच्या केबलला साधारण ११ किलोच्या वर ताण सोसत नाही. तुटत नाही, पण आतले पिळ ताणले जातात आणि वेग कायमचा जातो. नायलॉनची दोरी आतच राहू द्या, पुढच्या वेळी ती उपयोगी पडते.

वायर हललीच नाही तर पाइपात प्लास्टरचं पाणी गेलेलं असतं किंवा टाइल बसवताना पाइप चेपलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडची स्प्रिंग दुसऱ्या टोकाने घालून बघा, नाही गेली तर तो मार्ग सोडा. जोर करून वायर तुटली तर होता तोही आधार जातो.

सर्वांत मोठा मोह म्हणजे शेजारच्या विजेच्या पाइपातून लॅन नेण्याचा. २३० व्होल्टच्या वायरीसोबत एकाच पाइपात लॅन टाकायची नाही. प्रश्न वेगाचा नाही, आवरण सोललं गेलं तर राउटरला वीज लागेल. समांतर जायचं तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचं तर काटकोनात ओलांडा.

वाशीच्या किंवा बेलापूरच्या जुन्या सिडको घरांत आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत असे पाइप फारसे मिळत नाहीत. तिथे स्कर्टिंगच्या वरून केसिंग-पट्टी हाच व्यवहार्य मार्ग. गळती असलेली भिंत टाळा. पावसाळ्यात ओल धरली की जॅकचे दात हिरवे पडतात.

केबल विकत घेताना

लॅमिंग्टन रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये मीटरवर केबल मिळते. एक विचारा : तांब्याची की ‘सीसीए’? सीसीए म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, ती ठिसूळ असते, आणि तारेतूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती जास्त तापते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी चमकली तर परत द्या. घरी मल्टिमीटर असेल तर एका टोकाला जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळून दुसऱ्या टोकाला रोध मोजा. २० मीटरच्या अस्सल तांब्याच्या तुकड्यात अडीच ते साडेतीन ओहम दिसतात. मीटरच्या दोरांचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा. उरलेला आकडा पावणेचारच्या वर गेला तर संशय घ्या.

बहुतेक केबलींच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वाचा, वजाबाकी करा, तेवढ्याचेच पैसे द्या. लांबी काढताना चढ-उतार विसरू नका. हॉल ते बेडरूम जमिनीवर ८ मीटर असेल तर पाइप छताजवळून जात असल्यास दोन्हीकडचे अडीच-अडीच मीटर धरून १३, त्यावर दोन्ही टोकांना शिल्लक मिळून दीड-दोन मीटर. १५ घ्या.

कॅट-५-ई गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. घरात चांगली कॅट-५-ई टाकलेली असेल तर ती केवळ जुनी म्हणून काढू नका. नवी टाकायची तर कॅट-६. ‘कॅट-७’, ‘कॅट-८’ लिहिलेल्या चपट्या, रंगीत केबलींकडे लक्ष देऊ नका. कॅट-८ ही डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे, बेडरूमसाठी नाही.

स्विच आणि दुसरा राउटर

पाच किंवा आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच घ्या, त्यात सेटिंग काही नसतं. एकच पथ्य : एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये जाऊ देऊ नका. साफसफाईनंतर हे घडतं आणि मिनिटभरात घरातलं सगळं नेट ठप्प होतं.

आतल्या खोलीत वाय-फायसाठी दुसरा राउटर लावणार असाल तर त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या पोर्टऐवजी लॅन पोर्टात लावा. नाहीतर दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर हक्क सांगतात आणि प्रिंटर एका खोलीतून दिसतो, दुसरीतून नाही.

रो-हाउस आणि गच्ची

कोपरखैरण्याच्या किंवा सानपाड्याच्या रो-हाउसमध्ये केबल बाहेरच्या भिंतीवरून वर नेतात. घरात वापरायची केबल उन्हात दोन-तीन वर्षांत फुटते. बाहेरसाठी काळ्या पॉलिथिन आवरणाची घ्या आणि ती भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळेल, घरात येणार नाही.

दोन इमारतींमध्ये मात्र तांबं नेऊ नका. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरमधल्या विजांनी दूर कडाडूनही त्या तारेत झटका उतरतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा प्रकाश लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणारे डबे. फायबरच्या पॅचकॉर्डवरचा रंग जुळवा. हिरव्या टोकाचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्याला निळा जोडला तर प्रकाश वाया जातो आणि तोंडंही खराब होतात. ओएनटीच्या हिरव्या फायबरला हाच नियम, आणि तिला ३ सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नका.

२.५ गिगाबिट घ्यावं का?

प्लॅन १००० पर्यंतचा असेल तर इंटरनेटसाठी नको. घरात फोटो-व्हिडिओ साठवायचा एनएएस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, असेल तर विचार करा. गिगाबिटवर फाइल सेकंदाला साधारण ११० एमबीने जाते, २.५ वर २८० च्या आसपास. मात्र एकट्या हार्ड डिस्कचा वेग बहुधा २०० च्या आगेमागेच असतो. चांगली कॅट-५-ई २.५ गिगाबिट पेलते, केबल बदलावी लागत नाही. बदलावे लागतात ते स्विच आणि दोन्ही टोकांची लॅन कार्डं, आणि यातला एक जरी गिगाबिटचा राहिला तर सगळंच गिगाबिटवर चालतं.

काम झालं की आयपर्फ पुन्हा दोन्ही दिशांनी चालवा आणि आलेला आकडा, तारीख नि केबल कुठून कुठे जाते ते फेसप्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. ऑपरेटरला फोन करायची वेळ आली तर ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘दादा, ओएनटीच्या गिगाबिट पोर्टला थेट लॅपटॉप लावलाय, लिंक १००० ची आहे, सकाळी सातला २९० येतात आणि रात्री साडेनऊला १२०’ असं सांगा. मग ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर ऐकावं लागत नाही आणि तक्रार थेट लाइनमनकडे जाते.